मी टेकले की वहिनी लिहायच्या

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. तुमच्या घरात असते तशी दोन बोटांनी उचलता येणारी, फुस्स फुस्स वाफ सोडणारी नव्हे. दुकानातली, सहा किलो वजनाची, लाकडी मुठीची. मला पहिल्यांदा उचलणाऱ्याच्या तोंडून 'बाप रे' निघाल्याशिवाय राहत नाही. आजकाल मी कपाटावर बसून असते. वायर काढून टाकली आहे, त्यामुळे तापायचा प्रश्नच उरला नाही. पण जन्मभर तापलेल्या जिवाला निवांतपणा मिळाला की जुन्या गोष्टी आठवू लागतात. त्या सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही, तेव्हा जरा ऐका.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, ते निवलं, मग मी एका घासणाऱ्या कामगाराच्या हाती आले. त्यानं माझा तळ घासला, पुसला, पुन्हा घासला. त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. "ही दोन पिढ्यांना पुरेल," असं तो शेजारच्याला म्हणाला. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मी थोडी शेफारलेच.

मला विकत घेतलं ते एका पाववाल्यानं. तो पावाच्या कारखान्याची गाडी चालवायचा. पहाटे निघायचा, दुकानादुकानांत पाव पोचवायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी यायचा. घरी त्याची बायको, त्याची आई आणि एक लहान मुलगी. गाडीवर चार माणसांचं भागेना, म्हणून नवरा-बायकोनं घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान थाटायचं ठरवलं. रस्त्याकडच्या खिडकीची चौकट मोठी करून तिथे फळी ठोकली, आत लांबरुंद टेबल टाकलं, त्यावर जुनी ब्लँकेटं अंथरली आणि ब्लँकेटांवर मला आणून ठेवलं. गल्लीतले सगळे त्या बायकोला 'वहिनी' म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

मुलीचं नाव काही का असेना, बाप तिला 'बटण' म्हणायचा. टेबलाखाली पडलेली बटणं गोळा करून ती बरणीत भरायची आणि एखादा शर्ट बिनबटणाचा आला की बरणीतून तसंच शोधून काढायची. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून घड्या घालायच्या, गाठोडी बांधायच्या आणि प्रत्येक गाठोड्याला नंबराची चिठ्ठी टाचायच्या. जीभ त्यांची माझ्या टोकापेक्षा धारदार. पहिल्याच दिवशी मला हात लावून म्हणाल्या, "ही इस्त्री आहे की जातं?" मी मनातल्या मनात फणफणले.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या वहिनी कविता करायच्या.

लग्नाआधी त्यांच्या दोन कविता एका मासिकात छापून आल्या होत्या, असं बटण कुणाला तरी सांगत असताना मी ऐकलं. मग संसार, मग मुलगी, मग मी. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत त्यांचा उजवा हात माझ्या मुठीवर असायचा आणि डावा हात कापडावर. मग त्या लिहायच्या कधी? त्याची एक ठरलेली पद्धत होती आणि ती माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

शर्टाला इस्त्री करायचा एक क्रम असतो. आधी कॉलर, मग खांदा, मग कफ आणि बाह्या, मग पुढच्या दोन बाजू, शेवटी पाठ. वहिनींची ओळ या क्रमानं चालायची. कॉलरवर एखादा शब्द सुचायचा. बाह्यांवर तो त्या पुटपुटत घोळवायच्या. पाठीवर मी लांब लांब फिरायचे तेव्हा ओळ पुरी व्हायची. मग त्या मला उचलून स्टँडवर टेकवायच्या, कानामागचं पेन काढायच्या आणि नंबराच्या कोऱ्या चिठ्ठ्यांतली एक ओढून तिच्यावर ती ओळ उतरवायच्या. चिठ्ठी एप्रनच्या खिशात जायची आणि मी पुन्हा कापडावर. एवढ्या वेळात आठ आकडे मोजून होतील, नऊ नाही. पण मी टेकले की वहिनी लिहायच्या, हे इतकं पक्कं होतं की मला माझ्या धावण्यापेक्षा माझ्या थांबण्याचाच जास्त अभिमान वाटू लागला.

शनिवारी दुपारी दुकान बंद असायचं. तेव्हा वहिनी आठवड्याच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, पुढे-मागे सरकवायच्या, काही फाडायच्या आणि उरलेल्या वहीत उतरवून काढायच्या. बटण शेजारी अभ्यास करायची. सासूबाई डोकावून बघायच्या आणि म्हणायच्या, "ओळ अर्ध्यात सोडून देतेस. एवढा कागद कोरा! आमच्या वेळी असं लिहिलं असतं तर मास्तरांनी पान भरून घेतलं असतं."

"आई, कविता अशीच असते."

"असेल बाई. मला काय कळतंय त्यातलं?"

मला मात्र थोडंफार कळायला लागलं होतं. एक कविता तर माझ्याच तळाखाली तयार झाली. ती अजून पाठ आहे:

बाही सरळ होते.
कोपर मात्र वाकायचं तिथेच वाकतं.
कितीही दाबून फिरवा,
माणूस आपल्याच सवयीनं चुरगळतो.

ही कविता मासिकात छापून आली तेव्हा पाववाल्याला आभाळ ठेंगणं झालं. मासिक गाडीत पुढच्या काचेशी ठेवून तो प्रत्येक दुकानदाराला ते पान दाखवत सुटला. परत आलं तेव्हा त्यावर पावाचा चुरा होता आणि एका कोपऱ्यात लोण्याचा मोठा डाग. वहिनी लटक्या रागानं म्हणाल्या, "अहो, वाचायला नेलं होतंत की लावून खायला?" त्या दिवशी दुकानात सगळे हसत होते, सासूबाईसुद्धा. लोक वहिनींच्या हाताचंही कौतुक करायचे. शर्टाची घडी बघून कुणी म्हणायचं, "वाहवा, काय कडक इस्त्री आहे!" अशा वेळी वहिनी माझ्याकडे बोट दाखवायच्या. ते दिवस फार चांगले होते.

मग एक पत्र आलं. एका लहानशा प्रकाशनाच्या संपादकबाईंनी लिहिलं होतं की तुमच्या कविता आवडल्या, चाळीस असतील तर पुस्तक काढू, शाळांना सुट्ट्या लागायच्या आत पाठवा. वहिनींनी वही उघडून मोजल्या. एकतीस भरल्या. नऊ हव्या होत्या आणि हातात तीन महिने होते.

"नऊ म्हणजे काय, नऊ शर्टांचं काम," पाववाला म्हणाला.

"तुम्हाला नऊ पाव पोचवण्याइतकं सोपं वाटतं सगळं," वहिनी म्हणाल्या. पण हे बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. त्या पुस्तकाची त्यांना किती आस होती, हे त्यांच्या पकडीवरून मला कळायचं. मूठ इतकी घट्ट धरायच्या की माझं लाकूड घामेजून जायचं.

मित्रांनो, आता जे सांगायचं आहे ते सांगताना आजही मला कसंसंच होतं.

आमच्याकडे एक बँडमास्तर कपडे टाकायचे. दर रविवारी दुपारी बागेतल्या चौथऱ्यावर नगराचा बँड वाजायचा, त्याचे ते प्रमुख. माणूस शिस्तीचा, मोजकं बोलणारा. तीस वर्षं झाली आणि ते निवृत्त व्हायला निघाले. शेवटच्या कार्यक्रमासाठी त्यांनी आपला मलई रंगाचा कोट आणि पांढरा शर्ट आणून दिला. "रविवारी एक वाजता नेईन. त्याच दिवशी करा, घडी पडता कामा नये," असं बजावून गेले.

रविवारी सकाळी वहिनींनी आधी शर्ट केला. मग कोट घेतला. कोटावर ओलं फडकं अंथरून माझा तळ फिरवायचा असतो, तसा त्यांनी फिरवला. बाह्या झाल्या, पुढच्या बाजू झाल्या, पाठ झाली. काम संपलंच होतं. फडकं काढलं आणि पाठीच्या मधोमध एक पुसटशी वळी राहिलेली दिसली. तेवढी मोडायला त्यांनी मला तिथे हलकेच टेकवलं आणि नेमकी त्याच क्षणी ओळ आली.

ती फार घाईनं आली असावी. आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. वहिनींनी मला उचललं नाही. मुठीवरचा हात सुटला, कानामागच्या पेनाकडे गेला, आणि मी तापलेली तशीच कोटाच्या पाठीवर बसून राहिले.

मला ओरडता येत नाही. हलताही येत नाही. माझ्याखालचं कापड आधी गरम झालं, मग कडक झालं, मग त्याला वास सुटला. सासूबाईंचं नाक तिखट. त्या खुर्चीतून ओरडल्या, "अगं, काहीतरी करपतंय!"

वहिनींनी मला ओढून घेतलं. कोटाच्या पाठीवर, बरोबर मध्यावर, माझा तपकिरी ठसा उमटला होता. टोक, दोन्ही कडा, सगळं अगदी नीटनेटकं. घासणाऱ्या कामगारानं इतक्या प्रेमानं घडवलेल्या माझ्या आकाराची मला त्या दिवशी लाज वाटली. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. हातातली चिठ्ठी कुठे पडली ते त्यांना कळलंच नाही. ती ओळ पुढे कधीच सापडली नाही.

साडेबाराला पाववाला घरी आला. कोट उचलून ठसा उजेडात धरून बघितला. मग म्हणाला, "इस्त्री बिघडली म्हणून सांगू. ताप कमी-जास्त करायची चकती अडकली, एकदम तापली. कुणाचा दोष नाही."

मी वाट बघत राहिले. खरं सांगते, वहिनींनी माझ्यावर ढकललं असतं तरी मी मुकाट सोसलं असतं. पण त्या म्हणाल्या, "तिचा काय दोष? मी लिहीत होते. तसंच सांगणार."

एकच्या ठोक्याला बँडमास्तर आले. वहिनींनी कोट फळीवर उलगडून ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं.

"काय लिहीत होता?" त्यांनी विचारलं.

"कविता."

त्यांनी ठशाच्या कडेवरून एक बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई, गावात माझं तोंड कुणाला नीटसं ठाऊक नाही. बँड वाजवणाऱ्यांकडे तोंड करून मी तीस वर्षं उभा राहिलो. लोकांनी बघितली ती माझी पाठ. आणि तुम्ही नेमकी तीच जाळलीत."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. वहिनी भरपाईचं काही बोलू लागल्या, ते त्यांनी हातानंच उडवून लावलं. शर्ट घेतला, कोट हातावर टाकला आणि गेले.

कार्यक्रमाला बटण बापाबरोबर गेली. वहिनी गेल्या नाहीत. संध्याकाळी बटण धावत आली आणि धापा टाकत सांगू लागली, "आई, त्यांनी कोट घातलाच नाही! खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवला आणि नुसत्या शर्टावर उभे राहिले. लोक आधी कुजबुजले. पण त्यांचे हात असे उंच जात होते! आणि शर्टाला एकसुद्धा सुरकुती नव्हती, मी नीट बघितलं."

"हात धुऊन घे, जेवायचंय," एवढंच वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून कानामागे पेन नव्हतं. शर्ट आला, कॉलर, खांदा, कफ, बाह्या, पाठ. मी टेकले की वहिनी दुसरा शर्ट ओढायच्या. "एक तर इस्त्री, नाही तर पेन. दोन्ही एका हातात राहत नाही, हे मला कळलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. काम झपाट्यानं उरकायला लागलं. गाठोडी वेळेच्या आधी तयार. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं, पण मला करमेना. पूर्वी त्यांचा हात कधी ओळीबरोबर हळू व्हायचा, कधी एखादा शब्द सापडला की झरझर धावायचा. आता तो एकाच वेगानं यायचा आणि जायचा.

आठवड्यानं त्यांनी संपादकबाईंना पत्र लिहिलं. कविता पुऱ्या होणार नाहीत, पुस्तकाचा विचार सोडावा, आभारी आहे. पाकीट बंद करून नवऱ्यापुढे धरलं. "उद्या जाता जाता टाका पेटीत."

पाववाल्यानं हात मागे घेतले. "मी पावाची गाडी चालवतो, टपालाची नाही."

"बटण, तू टाक शाळेत जाताना."

"पेटी उलट्या बाजूला आहे, आई. मला उशीर होईल."

वहिनींनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि 'आई गं' केलं. जिन्यावरून दिवसातून चार वेळा चढउतार करणाऱ्या बाईचे गुडघे नेमके तेव्हाच दुखायला लागले.

मग ते पाकीट उडू नये म्हणून रोज संध्याकाळी मी निवले की माझ्याखाली ठेवलं जायचं. सकाळी वहिनी मला उचलायच्या, पाकीट फळीवर सरकवायच्या, म्हणायच्या, "आज मीच टाकून येते." आणि दिवसभर कामातून मान वर निघायची नाही. असे दहा-बारा दिवस गेले. सहा किलोंचं वजन मला त्या दिवसांत पहिल्यांदा खरोखर उपयोगाचं वाटलं. मी पाकिटावर गच्च बसून राहायचे.

एक दिवस सकाळी फळीपाशी बँडमास्तर उभे राहिले. वहिनींचा हात थबकला. बँडमास्तरांनी पिशवीतून दोन शर्ट काढले आणि फळीवर ठेवले.

"नंबर द्या," ते म्हणाले.

"माझ्याकडेच?"

"दुसरीकडे कॉलर बसत नाही." जाता जाता ते वळले. "तीस वर्षं त्या कोटात हात पुरता वर जात नव्हता. हे मी शिंप्याला कधी सांगितलं नाही, आता काय सांगायचं?" आणि निघून गेले.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "माफ केलं म्हणायचं तर किती आडवळणानं गेला बघ!" वहिनी हसल्या. हसल्या खऱ्या, पण पेन काही कानामागे आलं नाही. माफी मिळाली म्हणून भीती जात नाही, मित्रांनो. मला वाटलं, आता हे असंच चालायचं. महिना उरला होता. नऊ कविता तशाच राहिल्या होत्या.

त्यानंतरचा मंगळवार. दुपारचे तीन वाजले असतील. बटण शाळेतून यायची होती, पाववाला गाठोडी पोचवायला गेला होता. वहिनी एक मोठी चादर करत होत्या. अर्ध्यावर आल्या आणि त्यांचा हात हळू झाला. मला लगेच कळलं. ओळ आली होती. ओठ हलले. त्यांनी मान झटकली आणि मला जोरानं पुढे ढकललं. ओठ पुन्हा हलले. त्यांनी पुन्हा ढकललं. डोळे भरून आले होते, आणि चादरीवर पडलेला थेंब माझ्या तळाखाली चुर्र झाला.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई उठल्या होत्या. टेबलाला वळसा घालून आल्या आणि वहिनींच्या मनगटावर हात ठेवला.

"दे इकडे."

"काय?"

"इस्त्री. दे माझ्या हातात."

"आई, जड आहे ती. भाजेल."

"जन्म गेला स्वयंपाकघरात. कुठे धरायचं आणि कुठे नाही ते मला शिकवू नकोस." त्यांनी दोन्ही हातांनी माझी मूठ पकडली. हात बारीक, पण पकड पक्की. "मला कविता कळत नाहीत. पण तुझं तोंड कधी हलतं ते मला खुर्चीतून दिसतं. गेला महिनाभर बघतेय, तू ओळ आली की गिळतेस. माणसानं किती गिळायचं?"

"कोट जळला, आई. माझ्या या नादापायी जळला."

"नादापायी नाही जळला. तुझ्या हातात दोन कामं होती आणि आम्ही तिघं रिकामे बसून होतो, म्हणून जळला. यातलं एक मी धरते. लिही."

"किती वेळ धराल?"

"तू लिहीत का नाहीस? जड आहे म्हणतेस आणि वर गप्पा मारतेस!"

वहिनींनी चिठ्ठी ओढली. पेन शोधायला जरा वेळ लागला, ते खणात खाली गेलं होतं. त्या लिहू लागल्या. एक चिठ्ठी झाली, दुसरी झाली, तिसरी ओढली. सासूबाई मला छातीपासून दूर, टेबलावर अधांतरी धरून उभ्या होत्या. शेजारी स्टँड होता. त्यावर मला ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण ते त्यांच्या लक्षातच आलं नाही, आणि मी तर मुळीच आठवण करून देणार नव्हते. आजवर मला कितीतरी हातांनी धरलं, पण कुणाच्या लिहिण्यासाठी म्हणून कुणी धरलं नव्हतं. सासूबाईंचे हात थरथरत होते. मीच स्वतःला कसंबसं सावरून होते, एवढंच म्हणते.

त्या दिवसापासून घराचा नियम झाला. वहिनींचे ओठ हलले की जो जवळ असेल त्यानं मला घ्यायचं. पाववाला घ्यायचा तेव्हा उरलेली चादर स्वतःच करून टाकायचा. वाईट करायचा, पण करायचा. बटण तेरा वर्षांची झाल्यावर तिलाही परवानगी मिळाली. आधी महिनाभर थंड असताना सराव, मग गरम. एकदा तर घरात वहिनींशिवाय कुणीच नव्हतं आणि फळीपाशी बँडमास्तर उभे होते. वहिनींचं तोंड हललं. त्यांना घरचा नियम कुठून कळला होता देव जाणे, पण ते दार ढकलून आत आले, काही न बोलता मला उचललं आणि हात ताठ पुढे करून उभे राहिले. आठ आकडे नाही, चांगले ऐंशी आकडे मोजून झाले. मला वाटलं, आता कुठूनतरी बँड सुरू होणार.

ते पाकीट सासूबाईंनी एका सकाळी उचललं आणि त्यावर दुधाचं गरम भांडं ठेवलं. त्यावर असा काही गोल डाग पडला की ते पाठवण्याच्या लायकीचं राहिलं नाही. "अगंबाई, चुकलंच," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चुकल्याचं काही नव्हतं.

सुट्ट्या लागायला चार दिवस असताना चाळिसावी कविता वहीत उतरली. पुस्तक आलं ते अगदी बारीक. माझ्याखाली ठेवलं तर कळणारही नाही इतकं. पहिल्या पानावर वहिनींनी लिहिलं होतं: 'माझ्या हातातलं काम ज्यांनी आपल्या हातात घेतलं, त्या हातांना.' खरं सांगू? त्यात माझा उल्लेख नाही, याचं मला आधी जरा वाईट वाटलं. मग विचार केला, त्या हातांना धरायला काहीतरी हवं होतंच ना! तेवढ्यावर मी समाधानी आहे.

नंतर वीसेक वर्षं मी काम केलं. मुठीचं लाकूड गुळगुळीत झालं, वायर तीनदा बदलली. मग वाफेची हलकी इस्त्री आली आणि मला कपाटावर चढवलं. सुरुवातीला मी रुसले होते. आठ-आठ दिवस कुणी धूळ पुसायचं नाही. पण वरून सगळं दुकान दिसतं. वहिनींचे केस पांढरे झाले. तीन पुस्तकं झाली. बटण आता एका शाळेत शिकवते आणि आली की आईच्या हातातली नवी इस्त्री पहिली काढून घेते. पाववाल्यानं गाडी सोडली आणि चादरी चांगल्या करायला लागला. आणखी काय हवं?

सासूबाई अजून खिडकीशी बसतात. नव्वदीला आल्या. हात इतके कापतात की इस्त्री उचलणं सोडाच, भरलेला पेलासुद्धा त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागतो. परवा दुपारी वहिनींनी त्यांना चहा दिला. पेला हातात धरून सासूबाई बसल्या आणि मध्येच थांबल्या. नजर खिडकीबाहेर. चहा निवत होता. आणि मी कपाटावरून पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते.

वहिनींनीही पाहिलं. त्यांनी इस्त्री स्टँडवर ठेवली. हळूच जाऊन सासूबाईंच्या हातातला गरम पेला काढून घेतला आणि त्यांच्याजवळ खाली बसल्या.

"आई, सांगा. मी लिहून घेते."

"अगं, काही नाही. उगाच आपलं."

"मग उगाचच सांगा."

सासूबाई लाजल्या. नव्वदीची बाई लाजताना मी पहिल्यांदाच पाहिली. मग तुटक तुटक म्हणाल्या, "सगळ्यांचे कपडे घरी गेले. माझ्या हातांना अजून त्यांची ऊब आहे." मग वहिनींच्या हातातल्या चिठ्ठीकडे वाकून बघितलं. "ओळ अर्धीच राहिली का गं?"

"नाही, आई," वहिनी म्हणाल्या, "पुरी झाली."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला रडता येत नाही. तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्या घरात कुणी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, दाराला कुलूप लावताना मध्येच थांबेल. आई असेल, काका असतील, शेजारच्या ताई असतील. त्यांचे ओठ हलत असतील. 'लक्ष कुठे आहे तुझं?' असं ओरडू नका. जवळ जा. त्यांच्या हातात जे काही गरम असेल, जड असेल, ते आधी आपल्या हातात घ्या. आणि थोडा वेळ नुसतं धरून उभे राहा.